एका जिल्ह्याची अनेक नावे: बीडविषयक संशोधनाचा शोध आणि शोधशब्दांची निवड

संशोधनाचे डेटाबेस म्हणजे शोधनिबंध, प्रबंध, अहवाल आणि ग्रंथ यांच्या नोंदी शोधता येतील अशा रीतीने साठवलेले संग्रह होत, आणि त्यांत काही शोधण्यासाठी वाचक जो शब्द लिहितो त्याला प्रस्तुत लेखात शोधशब्द म्हटले आहे. लेखकाने निबंधाच्या सारांशाखाली दिलेले बीजशब्द आणि सूचीकाराने ठरावीक यादीतून त्या निबंधाला लावलेली विषयशीर्षके शोधशब्दांच्याच वर्गातली असली, तरी हे तिन्ही शब्द तीन वेगळ्या माणसांनी, तीन वेगळ्या वेळी आणि बहुधा एकमेकांना न विचारता निवडलेले असतात. त्या निवडी जुळल्या तर निबंध हाती येतो. जुळल्या नाहीत तर तो संग्रहात असूनही समोर येत नाही, आणि त्या विषयावर कोणी लिहिलेच नाही असा वाचकाचा समज होतो. बीड जिल्ह्याविषयीच्या अभ्यासात हा धोका विशेष मोठा आहे, कारण जिल्ह्याचे नाव, तालुक्यांची नावे, तो ज्या राज्यात होता त्या राज्याचे नाव, तिथून दरवर्षी होणारे ऊसतोडीचे स्थलांतर आणि त्या स्थलांतरातील माणसे या सर्वांना निरनिराळ्या दप्तरांनी निरनिराळी नावे दिली आहेत. प्रबंधांच्या प्रस्तावनेत 'संशोधनातील उणीव' म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कित्येक जागा प्रत्यक्षात शोधशब्दांच्याच उणिवा असतात, असे या सर्व सामग्रीकडे पाहता म्हणावे लागते.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा होण्याचे कारण असे की, साहित्य मिळण्यातील जुनी अडचण बरीच कमी झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमावलीने पीएच.डी.चे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात सादर करणे बंधनकारक केले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात देशभरातील विद्यापीठांचे प्रबंध जमा होऊ लागले. बीड जिल्ह्यातील महाविद्यालये ज्याला संलग्न आहेत त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे प्रबंधही त्यांत आहेत. केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून 2025 पासून केंद्र व राज्य शासनांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके खुली झाली. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थेतील विद्यार्थ्यापुढे आता नियतकालिक येते की नाही यापेक्षा त्या अफाट साठ्यातून नेमके हवे ते कोणत्या शब्दाने काढायचे, हा प्रश्न मोठा आहे.

माहितीशोधाच्या शास्त्रात या प्रश्नाची चर्चा जुनी आहे. सिरिल क्लेव्हर्डन यांनी इंग्लंडमधील क्रॅनफिल्ड येथे 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून केलेल्या प्रयोगांतून शोधाची दोन मापे रूढ झाली. विषयाशी संबंधित असे जेवढे साहित्य संग्रहात आहे त्यातले किती हाती लागले हे पहिले माप, त्याला समावेशकता म्हणता येईल. आणि जे हाती लागले त्यातले खरोखर संबंधित किती हे दुसरे माप, म्हणजे नेमकेपणा. एक वाढवले की सामान्यतः दुसरे घटते. यातली अडचण अशी की नेमकेपणा वाचकाला दिसतो, कारण निरुपयोगी नोंदी डोळ्यांपुढे येतात. जे सुटले ते मात्र दिसत नाही. डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे फार स्पष्टपणे दाखवले. एका खटल्यासाठी सुमारे 40,000 दस्तऐवज संगणकात भरलेले होते, आणि संबंधित कागदांपैकी किमान 75 टक्के आपल्याला मिळाले आहेत असे वकिलांना वाटत होते. प्रत्यक्ष तपासणीत ते प्रमाण 20 टक्क्यांच्या आसपास निघाले. वकील 'अपघात' हा शब्द शोधत होते, तर त्या घटनेत स्वतः गुंतलेली माणसे आपल्या लेखनात तिलाच 'प्रसंग', 'अडचण', 'दुर्दैवी परिस्थिती' असे म्हणत होती. दोन वर्षांनी, 1987 मध्ये, जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की एकाच वस्तूसाठी दोन माणसे आपोआप एकच नाव निवडण्याची शक्यता 20 टक्क्यांहूनही कमी असते. जो पहिला शब्द सुचला तोच पुरेसा आहे हा विश्वास किती पोकळ आहे, हे या दोन निष्कर्षांवरून ध्यानात यावे.

बीडच्या बाबतीत ही अडचण जिल्ह्याच्या नावापासूनच सुरू होते. मराठीत आज नाव एकच असले तरी रोमन लिपीत ते किमान तीन प्रकारांनी लिहिले गेले आहे. 1908 च्या सुमारास निघालेल्या 'इम्पीरियल गॅझेटिअर ऑफ इंडिया'मध्ये आणि नंतरच्या जिल्हा गॅझेटिअरमध्ये ते बी-एच-आय-आर या अक्षरांनी येते. 2011 च्या जनगणनेच्या तक्त्यांत ते बी-आय-डी असे आहे. आणि आजच्या शोधनिबंधांत व वृत्तपत्रांत बी-ई-ई-डी हे रूप प्रचलित आहे. यातला प्रत्येक प्रकार आपापला कचरा घेऊन येतो. बी-आय-डी लिहिले तर इंग्रजीतील बोली, लिलाव आणि निविदा यांवरचे अर्थशास्त्रीय निबंध येतात, आणि वैद्यकीय डेटाबेसमध्ये तर त्याहून मोठा गोंधळ होतो, कारण औषध दिवसातून दोनदा घ्यावे या अर्थाच्या लॅटिन संज्ञेचे संक्षिप्त रूप नेमके हेच आहे. बी-एच-आय-आर लिहिले तर तक्षशिलेच्या 'भिर' टेकाडावरील उत्खननाचे साहित्य समोर येते. बी-ई-ई-डी हे रूप त्या मानाने स्वच्छ आहे; पण शब्दाच्या शेवटी तारांकन देऊन त्याची सर्व रूपे मागवण्याची जी सोय अनेक डेटाबेसमध्ये असते ती इथे वापरली, तर विडी कामगारांवरचे सारे साहित्य जिल्ह्याच्या साहित्यात येऊन मिसळते. म्हणून तारांकन न देता तिन्ही रूपे घ्यावीत, आणि त्यांना 'मराठवाडा', 'महाराष्ट्र' किंवा 'जिल्हा' यांपैकी एखाद्या शब्दाची जोड द्यावी, हा मार्ग सर्वांत सुरक्षित ठरतो.

तालुक्यांच्या नावांचीही हीच गत आहे. अंबाजोगाईचे रोमन रूप जनगणनेत 'अंबेजोगाई'कडे झुकते, तर निजामाच्या राजवटीतील कागदपत्रांत ते गाव मोमिनाबाद या नावाने भेटते. तेव्हा आद्यकवी मुकुंदराज किंवा दासोपंत यांच्या समाधिस्थळांविषयी, अथवा तिथल्या जुन्या छावणीविषयी शोध घेणाऱ्याने 'मोमिनाबाद' हा शब्द सोडला तर जुने साहित्य जवळजवळ हातचे जाते. माजलगाव हे जनगणनेत 'मांजलेगाव' असे दिसते. केज, गेवराई आणि परळी यांची रोमन रूपेही एकसारखी नाहीत. आष्टी आणि शिरूर या नावांचे तालुके अन्य जिल्ह्यांतही आहेत, त्यामुळे ही नावे एकटी कधीच पुरेशी नसतात.

काळ मागे जाऊ लागला की राज्याचे नावही बदलते. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते, 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 पासून महाराष्ट्रात. त्यामुळे 1950 पूर्वीच्या शेतीव्यवस्थेचा अभ्यासक 'महाराष्ट्र' हा शब्द अट म्हणून घालतो तेव्हा आपल्याला हवी असलेली सामग्री तो स्वतःच बाहेर काढून टाकत असतो; त्याने 'निजामाचे राज्य' आणि 'हैदराबाद' यांची इंग्रजी रूपे वापरायला हवीत. हैदराबाद संस्थान भारतात सामील होण्याच्या 1948 च्या घटनेलाही मराठवाड्यात मुक्तिसंग्राम म्हणतात, सरकारी भाषेत पोलीस कारवाई, लष्करी इतिहासात ऑपरेशन पोलो, आणि अन्य काही लेखनात विलीनीकरण किंवा सामिलीकरण. प्रत्येक नावामागे एक भूमिका आहे, आणि ज्याने एकच नाव शोधले त्याला एकाच भूमिकेचे साहित्य मिळेल. शेजारच्या औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर जिल्ह्यांची नावे अलीकडे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर अशी झाल्याने, तुलनात्मक अभ्यास करणाऱ्यास यापुढे प्रत्येक शोधात जुने व नवे अशी दोन्ही नावे घ्यावी लागतील.

हीच सावधगिरी समाजांच्या नावांबाबत बाळगावी लागते. वसाहतकालीन नोंदींत 'गुन्हेगार जमाती' म्हणून आलेले समाज 1952 नंतर 'विमुक्त' झाले; हैदराबादच्या कागदांतील 'लंबाडा' किंवा 'लमाणी' महाराष्ट्राच्या कागदांत 'बंजारा' होतात; आणि दलितांविषयीचे साहित्य 'अस्पृश्य', 'डिप्रेस्ड क्लासेस', 'अनुसूचित जाती' अशा शीर्षकांखाली विखुरलेले असते. अपमानकारक झालेला जुना शब्द लेखनात वापरू नये हे योग्यच आहे. शोधात मात्र तो टाळला तर ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचाच पुरावा दडलेला राहतो.

बीडविषयीच्या शोधातला सर्वांत समृद्ध आणि सर्वांत अवघड भाग ऊसतोडीचा आहे. पाऊस संपल्यावर जिल्ह्यातील लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हद्दीत जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. या व्यवहाराची स्वतःची शब्दसंपत्ती आहे: नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, हंगामापूर्वी मुकादमाकडून, म्हणजे कामगार पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, घेतलेल्या आगाऊ रकमेला उचल म्हणतात, मुकादमाच्या हाताखालच्या गटाला टोळी आणि तोड चाललेल्या शेताला फड. संशोधकाने हे शब्द जाणलेच पाहिजेत, कारण क्षेत्रीय अभ्यासांत ते रोमन लिपीत जसेच्या तसे येतात आणि अशा अभ्यासांना गाठण्याचा सर्वांत नेमका मार्ग तेच असतात. कॅरेन स्पार्क जोन्स यांनी 1972 मध्ये मांडलेले तत्त्व इथे लागू पडते: जो शब्द संग्रहातील थोड्याच दस्तऐवजांत येतो तो त्या दस्तऐवजांना इतरांपासून वेगळे काढण्यास अधिक समर्थ असतो. 'मायग्रेशन' या शब्दाने अफाट साहित्य येते. 'मुकादम' आणि 'कोयता' एकत्र घेतले तर थोडेच येते, पण ते बहुतांशी कामाचे असते.

हेच शब्द मराठी वृत्तपत्रांच्या संग्रहात मात्र वेगळे वागतात. 'कोयता' शोधला तर 2022-23 पासून पुण्यातील 'कोयता गँग'च्या गुन्ह्यांच्या बातम्या पुढे येतात. 'फड' तमाशाचा असतो आणि कुस्तीचाही, 'टोळी' चोरांचीही. 'उचल'पुढे तारांकन दिले तर 'उचलणे' या क्रियापदाची सारी रूपे येतात, आणि त्यांबरोबर लक्ष्मण गायकवाड यांच्या 1987 च्या 'उचल्या' या आत्मकथनावरील समीक्षाही येते. बोलीतला शब्द जितका जिवंत तितके त्याचे अर्थ अधिक, म्हणून तो एकट्याने न वापरता त्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या शब्दाशी बांधूनच वापरावा लागतो.

कामगारांच्या शब्दांच्या पलीकडे अभ्यासकांची परिभाषा आहे. इंग्रजीत ऊसतोड कामगाराला कुणी 'केन कटर' म्हणतो, कुणी 'शुगरकेन हार्वेस्टर', कुणी 'सीझनल मायग्रंट'. अर्थशास्त्रज्ञ त्याला 'कॅज्युअल लेबर'मध्ये घालतो, कायद्याचा अभ्यासक 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या किंवा 1979 च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याच्या संज्ञा वापरतो, आणि उचलीच्या बंधनाविषयी लिहिणारा समाजशास्त्रज्ञ कर्जबंधन, परतंत्र श्रम किंवा नववेठबिगारी या अर्थाच्या संज्ञा घेतो. यान ब्रेमन यांचा 1978 मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला गाजलेला अभ्यास दक्षिण गुजरातेतील बारडोलीच्या कारखान्यांवर आणि तिथे खानदेशातून जाणाऱ्या तोडकऱ्यांवर आहे. त्याच्या शीर्षकात हंगामी स्थलांतर आणि सहकारी भांडवलशाही हे शब्द आहेत, ऊस आणि श्रम यांच्या गाळपाची श्लेषयुक्त प्रतिमा आहे, पण 'कटर' हा शब्द नाही आणि 'महाराष्ट्र' हाही नाही. बीडच्या अभ्यासकाला हा निबंध शीर्षकातल्या शब्दांनी सापडणे कठीण. तो सापडतो तो दुसऱ्या कुणाच्या संदर्भसूचीतून. तोडकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाविषयी शोधतानाही 'साखरशाळा', 'हंगामी वसतिगृह' आणि 'शाळाबाह्य मुले' असे तीन वेगळे रस्ते पकडावे लागतात, कारण पहिला शब्द मुख्यतः स्वयंसेवी संस्थांच्या लेखनातला आहे आणि उरलेले दोन शासनाच्या योजनांतले.

वैद्यकीय साहित्यात हा प्रश्न आणखी वेगळे रूप घेतो. ऊसतोड महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणात काढली जात असल्याचे 2019 मध्ये देशभर चर्चिले गेले, आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 महिलांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण जवळजवळ 17 टक्के होते, तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातील 15 ते 49 वयोगटातील महिलांमध्ये ते सुमारे 3 टक्के होते. या विषयावरील साहित्य 'पबमेड' या वैद्यकीय डेटाबेसमध्ये शोधू पाहणाऱ्याने 'विमेन लेबर' असे लिहिले तर प्रसूतिवेदनांवरचे निबंध येतात, कारण वैद्यकीय इंग्रजीत त्या शब्दाचा पहिला अर्थ तोच आहे. बायका ज्याला 'पिशवी काढली' म्हणतात, वृत्तपत्रे ज्याला गर्भाशय काढणे म्हणतात, त्याला वैद्यकात 'हिस्टरेक्टमी' हे ठाम नाव आहे, आणि या एका बाबतीत शोधकाचे काम सोपे आहे.

इथेच नियंत्रित शब्दावलीचा उपयोग कळतो. नियंत्रित शब्दावली म्हणजे एका संकल्पनेसाठी एकच मान्य संज्ञा ठरवून, लेखकाने कोणताही शब्द वापरला तरी त्या निबंधाला ती संज्ञा लावण्याची पद्धत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने 1960 पासून चालवलेली 'मेश' ही शब्दावली त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. तीत स्थलांतरितांसाठी संज्ञा आहे, अनावश्यक शस्त्रक्रियांसाठीही आहे. पण ऊसतोड कामगार अशी संज्ञा नाही, आणि उसासाठी आहे ती 'सॅकॅरम' ही वनस्पतीची संज्ञा. ती घेतली तर उसाच्या जाती आणि इथेनॉल यांवरचे निबंध येतात, माणसे येत नाहीत. मुकादम, कोयता, उचल यांपैकी कशाचीही दखल जगातल्या या सर्वांत काटेकोर शब्दावलीने घेतलेली नाही, आणि हा दोष केवळ तांत्रिक मानता येणार नाही: ज्या माणसांना शब्दावलीत जागा नाही त्यांच्यावरचे संशोधन एकत्र सापडणेच अवघड होते. म्हणून अशा विषयात मान्य संज्ञा आणि मोकळे शब्द ही दोन्ही साधने एकत्र वापरावी लागतात. 'पबमेड' साध्या शब्दाला आपणहून योग्य मान्य संज्ञेशी जोडते. पण शब्द अवतरणचिन्हांत घातला किंवा त्याला तारांकन दिले की ही जोडणी थांबते, हे ठाऊक नसल्याने काळजीपूर्वक शोधणाऱ्यालाच कधी कधी कमी साहित्य मिळते.

प्रश्नाचे शब्दांत विभाजन कसे करावे, याचे उत्तर वैद्यकात 1995 पासून रूढ झालेल्या 'पिको' चौकटीतून दिले जाते. रुग्ण, उपाय, तुलना आणि परिणाम हे तिचे चार भाग होत. औषधोपचारांच्या चाचण्यांसाठी ती उत्तम आहे, पण बीडच्या सामाजिक प्रश्नांना ती अपुरी पडते, कारण तिच्यात स्थळ आणि काळ यांना स्वतंत्र जागा नाही. त्या मानाने शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या द्विबिंदू वर्गीकरणातून आलेल्या पाच मूलभूत कोटी, म्हणजे व्यक्तित्व, द्रव्य, ऊर्जा, स्थल आणि काल, इथे अधिक उपयोगी पडतात. गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांविषयीच्या वरील प्रश्नात ऊसतोड महिला हे व्यक्तित्व, शस्त्रक्रिया ही ऊर्जा म्हणजे क्रिया, बीड हे स्थल आणि अलीकडची दोन दशके हा काल. प्रत्येक कोटीसाठी पर्यायी शब्दांचा एक गट करायचा, गटाच्या आतले शब्द 'ऑर'ने जोडायचे आणि गट एकमेकांना 'अँड'ने जोडायचे. जॉर्ज बूल या एकोणिसाव्या शतकातील गणितज्ञाच्या तर्कबीजगणितावर आधारलेली ही रीत बहुतेक सर्व डेटाबेसमध्ये चालते. 'नॉट' हा तिसरा जोडशब्द शक्यतो वापरू नये, कारण नको असलेल्या शब्दाचा एकदा ओझरता उल्लेख असलेला चांगला निबंधही तो काढून टाकतो.

या गटांपैकी स्थलाचा गट सर्वांत शेवटी लावावा. बीडमध्ये झालेल्या पाहणीच्या शीर्षकात व सारांशात पुष्कळदा 'ग्रामीण महाराष्ट्र' किंवा 'पश्चिम भारत' एवढेच लिहिलेले असते, आणि जिल्ह्याचे नाव आतल्या पद्धतिशास्त्राच्या परिच्छेदात येते, जो भाग अनेक डेटाबेस शोधतच नाहीत. उलट लेखकाच्या संस्थेच्या पत्त्यात अंबाजोगाई किंवा बीड असते, म्हणून निबंध बीडविषयी असेलच असे नाही. पत्त्याचे क्षेत्र वेगळे शोधता येते आणि ते तसेच शोधावे. स्थलाची अट काढल्याने दुसराही लाभ होतो. निकाराग्वा आणि एल साल्वाडोर येथील ऊसतोड कामगारांमध्ये आढळलेल्या, मेसोअमेरिकन नेफ्रोपॅथी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूत्रपिंडाच्या विकारावर उष्णतेच्या ताणाच्या अंगाने बरेच संशोधन झाले आहे, आणि उन्हात कोयता चालवणाऱ्या बीडच्या माणसांच्या आरोग्याचा विचार करणाऱ्याला ते अत्यंत जवळचे आहे. 'महाराष्ट्र' ही अट घालणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

शासकीय साहित्यातील शब्दांवर कायद्याचाही प्रभाव असतो. महाराष्ट्राने 1963 मध्ये कायदा करून राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून इंग्रजीतील 'फॅमिन' हा शब्द वगळला, आणि त्यानंतर सरकारी कागदांत 'स्कॅर्सिटी' म्हणजे टंचाई हा शब्द आला. 1972 च्या दुष्काळाच्या मराठवाड्यातील कामांविषयी 'फॅमिन' शोधणाऱ्यास म्हणूनच अभ्यासकांचे लेखन मिळते आणि शासनाचे निसटते. 'अवर्षण', 'टंचाई', 'दुष्काळसदृश परिस्थिती' हे सर्व प्रकार त्याला घ्यावे लागतात. बालिकांच्या घटत्या प्रमाणाविषयी, जे बीडमध्ये 2001 च्या जनगणनेत दर हजारी 894 होते आणि 2011 मध्ये 807 वर आले, शोध घेताना 'स्त्रीभ्रूणहत्या' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाची ब्रिटिश आणि अमेरिकी अशी दोन वर्णलेखने, 'लिंगनिदान', 'लिंगनिवडीचा गर्भपात', 'बाललिंग गुणोत्तर', आणि 1994 च्या कायद्याची 2003 च्या दुरुस्तीपूर्वीची व नंतरची संक्षिप्त नावे असे सगळेच लागतात. शेतकरी आत्महत्यांची आकडेवारी राष्ट्रीय गुन्हे नोंदी विभागाच्या जुन्या तक्त्यांत शेतीत स्वयंरोजगार करणारे या वर्गवारीखाली होती, 'शेतकरी' या नावाखाली नव्हती.

मराठी साहित्य शोधताना भाषेच्या घडणीतून येणाऱ्या अडचणींची चर्चा फारशी होत नाही, पण त्या फार मूलभूत आहेत. मराठी नामाला विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी त्याचे सामान्यरूप होते, आणि त्यात मूळ स्वर बदलतो: 'ऊस' चे 'उसाचा', 'मजूर' चे 'मजुरांना', 'पाणी' चे 'पाण्यासाठी'. त्यामुळे 'ऊस'पुढे तारांकन दिले तरी 'उसाच्या' सापडत नाही. ऱ्हस्व आणि दीर्घ अशी दोन्ही रूपे स्वतंत्रपणे द्यावी लागतात. 'ऊसतोड', 'ऊसतोडणी' आणि 'ऊस तोडणी' या लेखनभेदांत मधल्या रिकाम्या जागेनेही निकाल बदलतो. 'शेतकऱ्यांच्या' या शब्दातील ऱ्य संगणकात दोन निरनिराळ्या संकेतांनी लिहिता येतो. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेले प्रबंध उघडल्यावर देवनागरी दिसते, मात्र आतली अक्षरे रोमन चिन्हांची असल्याने मराठी शोधशब्द त्यांना लागूच पडत नाही. आणि 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या छापील मजकुरात 'कांहीं', 'नाहीं' यांसारखे अनुस्वार असतात, ते आजच्या लेखनाशी जुळत नाहीत. शिवाय मराठी प्रबंधांची शीर्षके 'शोधगंगे'त अनेकदा रोमन लिपीत उतरवलेली असतात, आणि 'ऊस' हा दोन अक्षरी शब्द तिथे कुणी यू-एस असा लिहितो तर कुणी ओ-ओ-एस असा. या संग्रहांत काम करणाऱ्याने प्रत्येक मराठी शब्दाचे मूळ रूप, सामान्यरूप आणि दोन-तीन रोमन रूपे आधी कागदावर लिहून घेणे हाच उपाय आहे. 1950 पर्यंतच्या मराठी ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चे दोन खंड अजूनही कोणत्याही यंत्रापेक्षा विश्वासार्ह आहेत, कारण तिथे वर्गीकरण माणसाने केलेले आहे.

शोध एका फटक्यात पुरा होत नाही. मार्सिया बेट्स यांनी 1989 मध्ये दाखवले की वाचकाचा प्रश्न वाचता वाचता बदलतो आणि तो निरनिराळ्या ठिकाणांहून थोडे थोडे वेचत जातो, झुडपांवरची फळे तोडावीत तसे. एक चांगला निबंध मिळाला की त्याचे बीजशब्द, त्याला लावलेल्या संज्ञा आणि त्याची संदर्भसूची यांतून नवे शोधशब्द घेऊन पुन्हा शोधावे. आणि यूजीन गारफिल्ड यांनी 1964 मध्ये सुरू केलेल्या विज्ञान उद्धरणसूचीपासून उपलब्ध झालेल्या सोयीने, त्या निबंधाचा उल्लेख पुढे कुणी केला हेही पाहावे. ब्रेमन यांच्या निबंधाचा उल्लेख करणाऱ्यांचा माग काढला तर महाराष्ट्रातील ऊसतोडीवरचे असे लेखन मिळते, जे एरवी कोणत्याही शब्दाने मिळाले नसते. 'गूगल स्कॉलर'चा यासाठी चांगला उपयोग होतो; तारांकन तिथे चालत नाही आणि एका शोधाचे 1,000 पेक्षा अधिक निकाल पाहता येत नाहीत, तेव्हा संपूर्ण आढाव्यासाठी त्यावरच विसंबणे योग्य नाही.

अलीकडच्या अर्थाधारित शोधयंत्रांत शब्द जुळवण्याऐवजी अर्थाची जवळीक गणिताने मोजली जाते, त्यामुळे इंग्रजीतील पर्यायी शब्दांचे ओझे काही अंशी हलके होते. ज्या भाषेतील मजकूर यंत्राच्या शिक्षणात कमी आहे तिच्या बोलीतील अर्थ मात्र त्याला कमी कळतात. संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून पर्यायी शब्द सुचवून घेणे लाभाचे ठरते. त्यांनी दिलेले संदर्भ मात्र कधी कधी अस्तित्वातच नसतात, म्हणून प्रत्येक संदर्भ मूळ डेटाबेसमध्ये तपासून घेणे अनिवार्य आहे.

शोधाची नोंद ठेवण्याची शिस्त मराठवाड्यातील सामाजिक शास्त्रांच्या प्रबंधांत रुजणे अत्यंत गरजेचे आहे. पद्धतशीर आढाव्यांसाठी 2021 मध्ये 'प्रिझ्मा-एस' ही मार्गदर्शिका आली. कोणता डेटाबेस, कोणत्या दिवशी, नेमक्या कोणत्या शब्दयोजनेने शोधला आणि किती नोंदी आल्या, हे जसेच्या तसे द्यावे अशी तिची अपेक्षा आहे. 'या विषयावर संशोधन आढळले नाही' या वाक्यापुढे अशी नोंद असेल तरच ते वाक्य परीक्षकाला तपासता येते. बीडवर लिहिणाऱ्यांनी आपल्या निबंधाचे बीजशब्द देतानाही याच दृष्टीने विचार करायला हवा: बीजशब्दांत शीर्षकातलेच शब्द पुन्हा देण्याऐवजी शीर्षकात न आलेले शब्द द्यावेत, जिल्ह्याची बी-आय-डी आणि बी-ई-ई-डी ही दोन्ही रोमन रूपे द्यावीत, 'मराठवाडा' द्यावे, आणि 'ऊसतोड कामगार', 'मुकादम', 'उचल' हे शब्द रोमन व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहावेत, म्हणजे साताऱ्यात वा साओ पावलोत ऊसतोडीवर काम करणाऱ्याला तो निबंध सापडेल.